मॉरिशस : पाण्यावरून आणि मातीवरून

मैत्रिणींनो, आमचं ढाणकी तुमच्यापैकी किती जणींनी पाहिलं असेल, शंकाच आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या अगदी खालच्या अंगाला, उमरखेड तालुक्यात हे गाव. खाली पैनगंगा, आणि नदी ओलांडली की मराठवाडा. वावरात पऱ्हाटी, तूर, सोयाबीन, हळद आणि विहिरीला पाणी असेल तिथं ऊस. समुद्र इथून कुठल्याही दिशेला जा, पाचशे किलोमीटरच्या पुढंच. मोठं पाणी म्हणून मी जे काही पाहिलं होतं ते पावसाळ्यातल्या सहस्रकुंडाचं. तेवढ्यावरच आमची सगळी हौस भागायची.

अशा गावातली, जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं खडू झिजवून निवृत्त झालेली मी बाई, शिडाच्या नौकेत बसून हिंदी महासागरात फिरून आले, असं सांगितलं तर आमच्या आळीतल्या बायकांना अजून खरं वाटत नाही. पण झालं खरं तसं. जावयांची नोकरी मॉरिशसला. लेक तिकडून दर आठवड्याला फोनवर म्हणायची, ‘‘आई, आता तरी ये. आता कुठली हजेरी घ्यायचीय तुला?’’ शेवटी २०२४ च्या जुलैत निघाले.

जायच्या आधी शाळेतला जुना नकाशा काढून बसले. सवयच ती! आणि एक गंमत सापडली. ढाणकी विषुववृत्ताच्या वर जवळपास वीस अंशांवर, आणि मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली जवळपास वीसच अंशांवर. मध्ये जणू आरसा धरलाय. म्हणून सगळं उलटं. आपल्याकडं जुलैत पेरण्या आटोपून निंदणाची गडबड, तिकडं ऐन थंडी. आपली ऊसतोडणी दिवाळीनंतर सुरू होते, तिकडची जूनमध्ये. हा आरसा पुढं मला फार वेगळ्या अर्थानं दिसणार होता. पण ते नंतर सांगते.

आधी थोडं कामाचं

तुमच्यापैकी कुणी जाणार असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मुंबईहून विमानानं सहा तासांच्या आसपास लागतात. घड्याळ दीड तास मागं करायचं. भारतीयांना आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही, पण परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता हाताशी हवा. जुलै-ऑगस्टात जाणार असाल तर हलका स्वेटर घ्याच. किनाऱ्यावर ऊन असतं, पण वरच्या पठारावरच्या गावांत संध्याकाळी चांगलं गार होतं आणि पाऊस भुरभुरत राहतो. रोपं, बियाणं, ताजी फळं बॅगेत घालू नका. परवान्याशिवाय चालत नाही. मी लेकीसाठी परसातल्या गवती चहाचं ठोंब घेतलं होतं, ते जावयांनी फोनवरच रद्द करायला लावलं.

आणि नौकेत बसायचं असेल तर आलेपाकाच्या वड्या न्या. त्यांनी मला तारलं. सकाळी पोट अगदी रिकामं ठेवायचं नाही आणि तुडुंबही भरायचं नाही. दोन इडल्या किंवा कोरडी पोळी एवढंच. नजर पायाशी न लावता लांब क्षितिजावर ठेवायची. साडी नेसू नका. मी हट्टानं नेसले आणि वाऱ्यानं माझी जी तारांबळ उडवली ती लेकीच्या मोबाइलमध्ये कायमची आहे!

शिडाखाली

बेटाच्या उत्तर टोकाला ग्राँ बे नावाचं गाव आहे. तिथल्या बंदरात पांढऱ्या नौका बगळ्यांसारख्या दाटीनं उभ्या असतात. आमची नौका कॅटमरान, म्हणजे दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी ठेवून वर एकच फळ्यांचा ओटा बांधावा तशी. हा शब्द मूळ तमिळ. ‘कट्टुमरम’, म्हणजे बांधलेली लाकडं. आपल्या पूर्व किनाऱ्यावरचे कोळी ओंडके बांधून समुद्रात जायचे, त्यांचा शब्द जगभर फिरून आता श्रीमंतांच्या नौकांना चिकटलाय.

बरोबर लेक, जावई, नातू, आणि लेकीच्या शेजारच्या मावशी. या मावशी सत्तरीच्या, तिथल्याच मराठी. त्यांच्याविषयी पुढं सांगायचंच आहे. बाकीचे पंचवीसेक प्रवासी गोरे, काही दिल्लीकडचे नवविवाहित.

बंदरातून बाहेर पडेपर्यंत इंजिन घरघरत होतं. मग नावाड्यानं ते बंद केलं, दोघांनी दोर ओढले आणि डोलकाठीवर शीड चढलं. आधी ते धुतलेल्या चादरीसारखं फडफडलं आणि मग एकदम त्यात वारा भरला. काय सांगू! सगळा आवाजच थांबला. पाण्याचा सळसळाट तेवढा. त्या दिवसांत तिथं आग्नेयेकडून वारा सतत वाहतो, आणि आम्ही उत्तरेला निघालेलो, म्हणजे वारा मागच्या अंगानं हात देत होता.

या बेटाला जवळपास चारही बाजूंनी प्रवाळाचा बांध आहे. शेताला धुरा असावा तसा. बांधाच्या आतलं पाणी उथळ, शांत, आणि रंगानं कच्च्या कैरीच्या सालीपासून मोरपिसापर्यंत. बांध ओलांडला की एकाएकी गडद निळं, खोल. तिथं लाट उचलून धरते. दिल्लीकडची ती नवी नवरी पांढरीफटक पडली, तिला मी आलेपाकाची वडी दिली. अर्ध्या तासानं ती हसायला लागली.

वाटेत क्वँ द मीर नावाचा एक कातळ लागतो. सुताराची पाचर आडवी ठेवावी तसा. त्याच्या कपारींत लांब शेपटीचे पांढरेशुभ्र पक्षी घरटी करतात. त्या देशाच्या विमान कंपनीच्या चिन्हावरही हाच पक्षी आहे. तिथून पुढं सपाट बेट आणि त्याला चिकटून गॅब्रिएल नावाचं इवलंसं बेट. दीड-दोन तासांत पोचलो. छोट्या होडीतून वाळूवर उतरवलं.

मैत्रिणींनो, चित्रातसुद्धा इतकी सुंदर जागा मी पाहिली नव्हती. वाळू पिठीसाखरेसारखी. पाणी इतकं स्वच्छ, की गुडघाभर पाण्यात उभं राहिल्यावर पायाच्या नखांवरचा रंग दिसत होता. नातू वाळूत लोळला. लोक पोहले, झोपले, फोटो काढले. नौकेवर मासळी भाजण्याचा वास सुटला होता. कुणीतरी ढोलकं वाजवत तिथलं सेगा गाणं धरलं. मीसुद्धा पदर खोचून पाण्यात बसले. ‘इथून हलूच नये’ असं वाटत होतं.

मावशी मात्र एका झुडपाच्या सावलीत गप्प बसल्या होत्या. ताट पुढं होतं, पण हात लावला नव्हता.

त्या वाळूची गोष्ट

मी जवळ जाऊन विचारलं, ‘‘मावशी, बरं वाटत नाही का?’’

त्यांचं मराठी जुनं, कोकणी वळणाचं, मध्येच क्रिओल शब्द. म्हणाल्या, ‘‘बरी हाय बाई. पन हितं जेवन घशाखाली जात नाय माज्या. हितं मान्सं उपाशी मेली.’’

मग त्यांनी सांगितलं, आणि नंतर मी पुस्तकांतही वाचलं. १८५६ च्या जानेवारीत कलकत्त्याहून मजूर घेऊन ‘हैदरी’ आणि ‘फत्ते मुबारक’ अशी दोन जहाजं आली. जहाजांवर पटकी होती. दोनच वर्षांपूर्वी मॉरिशसमध्ये पटकीची मोठी साथ येऊन गेलेली, त्यामुळं बंदरातले लोक घाबरलेले. या जहाजांना बंदरात येऊ दिलं नाही. माणसं उतरवली या गॅब्रिएल बेटावर. झाड नाही, छप्पर नाही, प्यायला धड पाणी नाही, अन्न अपुरं. पावसावाऱ्यात उघड्यावर पडलेली माणसं, बायका, लेकरं. अडीचशेहून अधिक माणसं तिथं मेली. गवगवा झाला, आणि हिंदुस्थान सरकारनं मॉरिशसला मजूर पाठवणं काही काळ थांबवलं.

‘‘तुमचे पूर्वज होते का त्यांत?’’ मी विचारलं.

‘‘नाय गं. आमी मुंबईच्या जहाजातनं आलो, रत्नागिरीकडचे. पन म्हनून काय झालं?’’

मी पुन्हा त्या वाळूकडं पाहिलं. तीच वाळू, तेच पाणी. नातू किल्ला बांधत होता. त्याला मी उठवलं नाही. लेकरानं खेळू नये असं मावशींचंही म्हणणं नव्हतं. पण माझ्या ताटातली भाजलेली मासळी मला पुढं गेली नाही, हे खरं.

एक गोष्ट मला तेव्हा खटकली आणि अजून खटकते. नौकेवरच्या माणसानं आम्हाला पक्ष्याचं नाव सांगितलं, माशांची नावं सांगितली, प्रवाळ तुडवू नका म्हणून बजावलं. सगळं रास्तच. पण या दोन जहाजांविषयी अवाक्षर नाही. बहुधा त्यालाही कुणी सांगितलं नसेल. आणि सहलीला आलेल्या माणसाला कशाला सांगायचं, असंही असेल.

परतताना वारा तोंडावर होता. शीड उतरवलं आणि इंजिनावर आलो. पाणी उडून सगळ्यांच्या अंगावर मीठ साचलं. किनारा जवळ आला तशी हॉटेलांची गवताची छपरं दिसली आणि त्यांच्या मागं, डोंगरांच्या पायथ्यापर्यंत पसरलेला हिरवा पट्टा. मी जावयांना विचारलं, ‘‘ती कुरणं का?’’ ते म्हणाले, ‘‘नाही आई, ऊस.’’

सोळा पायऱ्या

दुसऱ्या दिवशी मावशींनीच मला पोर्ट लुईला नेलं. राजधानीच्या बंदराला लागून एक जुनी दगडी वास्तू आहे, आप्रवासी घाट. पूर्वी लोक त्याला ‘कुली घाट’ म्हणायचे. १९८७ मध्ये नाव बदललं. २००६ मध्ये युनेस्कोनं ती जागा जागतिक वारशात घेतली. बाहेरून पाहिलं तर फार काही नाही. काळ्या दगडाच्या खोल्या, अंगण, आणि बंदराच्या बाजूनं वर येणाऱ्या सोळा पायऱ्या. जहाजातून उतरलेले मजूर या पायऱ्या चढून आत यायचे.

हकीकत थोडक्यात अशी. मॉरिशसमध्ये ऊस आधी गुलामांकडून पिकवून घेत. १ फेब्रुवारी १८३५ ला तिथली गुलामगिरी संपली. उसाला हात तर हवेत! म्हणून मळेवाल्यांनी ती संपण्याच्या थोडं आधीपासूनच हिंदुस्थानातून करारावर माणसं आणायला सुरुवात केली. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘अ‍ॅटलास’ जहाजातून छत्तीस मजूर उतरले. तो दिवस तिथं आजही पाळतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जवळपास साडेचार लाख माणसं आली. बहुतेक बिहारकडची, मग तमिळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून रत्नागिरी-सावंतवाडीकडची आपली माणसं. करार पाच वर्षांचा. पुरुषाला महिन्याला पाच रुपये आणि शिधा. बरेच जण परतलेच नाहीत. आज त्या देशाच्या लोकसंख्येत सुमारे दोन तृतीयांश लोक मूळ भारतीय वंशाचे आहेत.

एका फलकावर मी अडखळले. मजूर एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची, असा नियम होता. दुहेरी कपात. आजारी असला तरी अनेकदा सुटका नाही. ही पद्धत १९०९ पर्यंत चालली.

मी तिथंच थांबले. मावशी पुढं गेल्या होत्या, त्यांनी मागं वळून हाक मारली. मला ऐकू आलं, पण पाय उचलेना.

मैत्रिणींनो, हा नियम मला ठाऊक होता. आमच्याकडं त्याला ‘खाडा’ म्हणतात.

माझी हजेरी

आमच्या भागातल्या तांड्यांवरची, वाड्यांवरची कितीतरी माणसं दिवाळीनंतर ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात जातात. मुकादम आधी उचल देतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात. माणसं नव्हे, कोयता! मग पाच-सहा महिने उचल फिटेपर्यंत तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून ट्रकमध्ये चढवायच्या. पाचटाच्या, ताडपत्रीच्या कोपीत राहायचं. आणि आजारपण असो, बाळंतपण असो, एक दिवस काम चुकलं की खाडा. उचलीत रक्कम चढते.

यातलं मला काय ठाऊक नव्हतं? सगळं ठाऊक होतं. दर वर्षी दिवाळीची सुट्टी संपली की माझ्या वर्गातली सहा-सात नावं गैरहजर. मी लाल शाईनं ‘गै’ लिहीत जायची. महिना झाला की नावापुढं रेघ. उन्हाळ्याच्या तोंडावर ती लेकरं यायची, रापलेली, हातावर पात्यांचे ओरखडे. बाराखडी विसरलेली. मी त्यांना मागच्या बाकावर बसवायची.

त्यांतली एक मुलगी सहावीत होती. गणितात अशी चटपटीत, की माझ्या आधी उत्तर सांगायची. त्या वर्षी तिची आई मला भेटायला आली. म्हणाली, ‘‘बाई, पोरीला ठेवाल का तुमच्याजवळ पाच महिने? काम करील घरातलं.’’ माझी मुलं लहान, सासूबाई आजारी, घर दोन खोल्यांचं. मी म्हटलं, ‘‘बघते.’’ आणि बघितलं नाही. चार दिवसांनी टोळीचा ट्रक गेला. ती मुलगी परत शाळेत आली नाही. तिकडंच तिच्या धाकट्या भावंडाला सांभाळत राहिली, आणि दोन वर्षांत तिचं लग्न झालं.

सोळा पायऱ्यांवर उभी राहून मला ती आठवली. सारखं वाटत राहिलं, आपण शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या मळेवाल्यांना नावं ठेवतोय, हळहळतोय. आणि आपल्या हजेरीपटावर काय लिहिलं होतं?

दोन्ही गोष्टी एक नाहीत, हे मला कळतं. समुद्र ओलांडलेला माणूस सहजासहजी परत येऊ शकत नव्हता. आमची माणसं चैत्रात घरी येतात. पण आधी पैसा हातावर ठेवून मग माणूस बांधून घ्यायचा, आणि आजारपणाचा दंड करायचा, ही रीत मला ओळखीची वाटली. बेटावरून ती उठली आणि आपल्याकडं ती अजून आहे, हे वाटायला बरं नव्हतं.

मावशींचं घर

संध्याकाळी मावशींनी घरी नेलं. व्हाकवा नावाच्या गावात पठारावर त्यांचं पत्र्याच्या छपराचं, नीटनेटकं घर. दारात तुळस. घरात सगळी क्रिओल बोलतात, नातवंडं शाळेत इंग्रजी-फ्रेंच शिकतात. मराठी हा विषयही शाळेत घेता येतो, आणि मावशींच्या एका नातीनं तो घेतलाय. गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी असते. आपल्या कोकणातल्या जाखडीसारखा नाच तिथं ‘झाकरी’ म्हणून अजून चालतो. आडनावांची तर गंमतच. घाटावरच्या कारकुनानं जे नाव ऐकलं ते लिहिलं, आणि पणजोबांचं पहिलं नाव पुढच्या सगळ्या पिढ्यांचं आडनाव होऊन बसलं.

मावशींनी कपाटातून एक कागद काढला. मोका इथं महात्मा गांधी संस्थेत जुन्या मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. त्यांतून त्यांनी आपल्या पणज्याची नोंद मिळवली होती. आधी क्रमांक, मग नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जिल्हा. मावशी कागदावरून बोट फिरवीत म्हणाल्या, ‘‘नंबर पयला, नाव मागून.’’ पण तो कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत, लग्नाच्या शालूशेजारी ठेवला होता. त्या एवढ्याशा नोंदीतूनच त्यांना आपलं गाव सापडलं होतं.

मग जेवण. तिथली ‘ढोल पुरी’ तुम्हाला करून बघता येईल म्हणून सांगते. वाटाण्याची पिवळी डाळ हळद घालून शिजवायची, पण मऊ होऊ द्यायची नाही, बोटचेपी ठेवायची. पाणी निथळून कोरडी वाटायची, जिरेपूड आणि मीठ घालायचं. मैद्याच्या सैल कणकेत हे सारण भरून पातळ लाटायची आणि तव्यावर थोड्या तेलावर भाजायची. गूळ न घातलेली आपली पुरणपोळीच! डाळ शिजवलेलं पाणी टाकू नका, त्यातच कणीक भिजवा. बरोबर टोमॅटोचा रस्सा आणि भाज्यांचं ‘अचार’. पालेभाजीला तिथं ‘ब्रेद’ म्हणतात, आणि शेवग्याचा पाला आवडीनं खातात. मला ते ताट बघून आईची आठवण झाली.

पाचटाच्या उश्या

येण्याच्या आधी दोन दिवस आग्नेय किनाऱ्यावर माहेबूरला गेलो. हा भाग ग्राँ बेसारखा नटवा नाही. कोळ्यांची वस्ती, बाजार, रंग उडालेल्या होड्या. एका कोळ्याच्या लहान शिडाच्या होडीतून खाडीत फिरलो. पाणी इथंही तेच हिरवं-निळं.

याच किनाऱ्याजवळ २५ जुलै २०२० ला ‘वाकाशिओ’ नावाचं जपानी मालकीचं प्रचंड जहाज प्रवाळाच्या बांधावर चढून अडकलं. ऑगस्टच्या सुरुवातीला ते फुटलं आणि सुमारे हजार टन तेल या पाण्यात आलं. किनारा काळा झाला. पाण्यावर तेल पसरू नये म्हणून तरंगते अडसर लागतात, आणि ते पुरेसे नव्हते. तेव्हा हजारो माणसं आपण होऊन किनाऱ्यावर आली. कापडाच्या, जाळीच्या लांबलचक खोळी शिवल्या. आत काय भरलं असेल? उसाचं पाचट! पाचट तेल शोषतं. तरंगावं म्हणून रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या बांधल्या. केसही तेल धरून ठेवतात म्हणून लोकांनी आपले केस कापून दिले. मावशींनी गुडघे दुखत असताना दोन दिवस बसून खोळी शिवल्या होत्या. म्हणाल्या, ‘‘आमच्या आज्यानं ऊस तोडला गोऱ्यासाटी. ह्यो पयला ऊस आमी आमच्यासाटी वापरला.’’

माहेबूरहून परतताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसाची शेतं होती. मध्ये मध्ये काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग, कुठं कुठं पायऱ्यांच्या देवळासारखे रचलेले. ही जमीन ज्वालामुखीची, दगडांनी भरलेली. आधी गुलामांनी आणि मग मजुरांनी एकेक दगड हातानं वेचून बाजूला रचला, तेव्हा तिथं ऊस लागला. विमानातून ते ढीग काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. येताना मला वाटलं होतं, झाडं असतील.

घरी आल्यावर

मैत्रिणींनो, मॉरिशसला जरूर जा. नौकेत बसा, गॅब्रिएलच्या वाळूवरही उतरा. मी त्या पाण्यात बसले आणि मला आनंद झाला, हे मी लपवणार नाही. पण एक दिवस घाटासाठी ठेवा. फक्त नौकेतून परत आलात तर अर्धंच बेट बघितलं असं होईल.

आणि तुम्ही म्हणाल, घरी येऊन तुम्ही काय केलंत बाई? मोठं काही केलं नाही. ती गणितातली मुलगी आता तिशी ओलांडून गेलीय, आमच्यापासून दोन कोसांवरच्या तांड्यावर नांदते. अजूनही दर वर्षी कोयता घेऊन जाते. मी तिच्याकडं गेले. तिनं मला ओळखलं, चहा केला. मी जे बोलायचं ठरवून गेले होते ते बोलता आलं नाही. तिनंच विषय सोपा केला. दारात तिची मुलगी पाटीवर बेरजा करत बसली होती, तिच्याकडं बोट दाखवून म्हणाली, ‘‘ही माझ्यावर गेली बाई.’’

काही शाळांत अशा लेकरांसाठी हंगामी वसतिगृह असतं. तुमच्या गावच्या शाळेत आहे का, चौकशी करा. नसेल तर मुख्याध्यापकांच्या मागं लागा. मागणी दिवाळीआधी करावी लागते, ट्रक गेल्यावर उपयोग नाही.

तिच्या मुलीला मात्र मी २०२४ च्या दिवाळीनंतर माझ्याकडंच ठेवून घेतलं. घर आता मोठं आहे आणि माणसं कमी. घरातलं काम तिला सांगितलं नाही. तिनं आपण होऊन तुळशीला पाणी घातलं तर नको म्हटलं नाही. रात्री तिला मॉरिशसचे फोटो दाखवायची. तिला समुद्रापेक्षा त्या दगडांच्या ढिगांचं नवल वाटायचं. एकदा विचारलं, ‘‘एका ढिगात किती दगड असतील बाई?’’ मला उत्तर आलं नाही. तिनं अंदाजानं लांबी-रुंदी धरून वहीत गुणाकार मांडला.

चैत्रात तिची आई परत आली, तेव्हा शाळेतल्या हजेरीपटावर त्या मुलीच्या नावापुढं एकही लाल खूण नव्हती. ते पान मी मुद्दाम जाऊन बघून आले.